कपाटातला जुना कॅमेरा : तो काय मोजतो, काय मोजत नाही

रविवारच्या सकाळी, घोडबंदर किल्ल्याच्या पायथ्याशी, जुन्या कॅमेऱ्यांसाठी एवढी मंडळी जमतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. बऱ्याच जणांनी घरचे कॅमेरे बरोबर आणलेत, ते या टेबलावर मांडून ठेवले आहेत. एक विनंती आधीच करून ठेवतो: कुणीही कॅमेऱ्याची पाठ उघडू नका. का, ते शेवटी सांगू.

टेबलावर नजर टाकली तर एक गोष्ट लक्षात येईल. यातले बहुतेक कॅमेरे एकाच जातीचे आहेत. धातूचं जड अंग, समोर एकच लेन्स आणि तीही कायमची बसवलेली, वर शेजारीशेजारी छोट्या खिडक्या. याशिका इलेक्ट्रो ३५ आहेत, कॅनोनेट आहेत, एक मिनोल्टा हाय-मॅटिक दिसतोय. साधारण १९६० ते १९८० या वीस वर्षांतली ही जपानी पिढी. फिल्म भरायची, पण उजेडाचा हिशोब कॅमेऱ्यानं स्वतः करायचा, असा हा प्रकार.

या कॅमेऱ्यांबद्दल आम्हाला दोनच प्रश्न विचारले जातात. चालतो का? आणि विकला तर किती येतील? दुसऱ्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. पहिल्याचं उत्तर मात्र 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही. कारण हे कॅमेरे बहुधा अर्धे चालतात. लेन्स उत्तम असते, शटर उघडतं-मिटतं, पण उजेड मोजणारा भाग मेलेला असतो, किंवा मेलेला बरा अशी चुकीची माहिती देत असतो. म्हणून आज आधी तो भाग समजून घेऊ.

उजेडाचा हिशोब

फिल्मवर चित्र उमटायला ठरावीक उजेड लागतो. कमी पडला तर फोटो काळा, जास्त झाला तर पांढराफटक. नळाखाली कळशी भरायची तशीच ही गोष्ट आहे. नळ किती सोडायचा आणि किती वेळ सोडायचा, या दोनच गोष्टी आपल्या हातात. लेन्सच्या आतलं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर, हा नळ. शटर किती वेळ उघडं राहणार, ही वेळ. आणि कळशी केवढी, ते फिल्मवर लिहिलेलं असतं: १००, २००, ४००. हा आकडा जितका मोठा तितकी कळशी लहान, म्हणजे थोड्या उजेडात भरणारी. त्याला त्या काळी एएसए म्हणत, आता आयएसओ म्हणतात.

मीटर नव्हते तेव्हा लोक अंदाजाने काम करत. रोलच्या खोक्यात छापील कागद यायचा, त्यावर ऊन, ढग, सावली यांची चित्रं आणि समोर आकडे. त्यातला एक नियम आजही पाठ करण्यासारखा आहे: लख्ख ऊन असेल तर छिद्र एफ १६ आणि शटर फिल्मच्या आकड्याइतकं. १०० ची फिल्म असेल तर साधारण १/१२५ सेकंद. फोटोग्राफरला हे सवयीनं जमत होतं. घरातल्या माणसाला जमत नव्हतं, आणि ३६ पैकी दहा-बारा फोटो वाया जायचे. रोलचे, धुण्याचे, प्रिंटचे पैसे मोजणाऱ्या घरात ही लहान गोष्ट नव्हती.

कॅमेऱ्यानं स्वतःच मोजावं ही कल्पना जुनी आहे. कोडॅकचा सुपर सिक्स-२० हा १९३८ सालचा कॅमेरा हे काम करत होता, पण तो फार महाग होता. कल्पना सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवली ती जपानी कारखान्यांनी. जानेवारी १९६१ मध्ये पहिला कॅनोनेट आला. पुढच्याच वर्षी, २० फेब्रुवारी १९६२ ला, जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले तेव्हा त्यांच्याजवळ फ्लोरिडातल्या एका साध्या दुकानातून घेतलेला अ‍ॅन्स्को ऑटोसेट होता. नाव अमेरिकन, पण आत मिनोल्टाचा हाय-मॅटिक. जाड हातमोजे घातलेल्या माणसाला आकडे फिरवत बसता येत नाही. उजेडाचं कॅमेऱ्यानंच बघावं, हे तिथे सोयीचं होतं.

दोन खिडक्या कशासाठी

मापनाकडे वळण्याआधी त्या दोन खिडक्यांचं सांगून टाकतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा. जमत नाही, कारण अंतर कळायला दोन डोळे लागतात. रेंजफाइंडरचंही तसंच. एका खिडकीतून आपण थेट बघतो. दुसरीतून आलेलं चित्र आरशांवरून फिरून मध्यभागी एका पिवळसर चौकोनात पडतं. लेन्सची कडी फिरवली की ते दुसरं चित्र सरकतं. माणसाचं नाक दोनदा दिसत असेल तर अंतर चुकलंय. दोन्ही नाकं एक झाली की अंतर बरोबर. घरी तपासायचं असेल तर दूरची इमारत घ्या, कडी अनंतावर न्या आणि दोन प्रतिमा जुळतात का बघा. जुळत नसतील तर आतली यंत्रणा हललेली आहे, आणि ती कारागिराकडून लावून घेता येते.

इथे एक खाचखळगा आहे. आपण लेन्समधून बघतच नाही, खिडकीतून बघतो. त्यामुळे लेन्सवर झाकण राहिलं तरी आपल्याला सगळं छान दिसतं. आम्ही स्वतः अख्खा रोल तसा काढलेला आहे, लपवत नाही.

मोजण्याच्या तीन तऱ्हा

आता मुख्य भाग. टेबलावरच्या कॅमेऱ्यांचे उजेडाच्या बाबतीत तीन गट पडतात.

पहिला गट सेलेनियमचा. लेन्सभोवती मधमाशीच्या पोळ्यासारखी खडबडीत काच दिसते ना, ती. सेलेनियमवर उजेड पडला की थोडीशी वीज तयार होते आणि त्या विजेवर काटा हलतो. सेल लागतच नाही. पहिला कॅनोनेट असाच होता. १९६७ चा ऑलिंपस ट्रिप ३५ देखील असाच. तो खरं तर रेंजफाइंडर नाही, त्यात अंतर अंदाजानं लावायचं, पण घराघरांत तो याच भावंडांत मोडायचा. ट्रिपकडे ऑटोमध्ये दोनच वेग आहेत, १/४० आणि १/२००. उजेड पुरेसा नसला की तो खिडकीत लाल पट्टी वर करतो आणि बटण दाबूच देत नाही. या गटाचा दोष एवढाच की सेलेनियम म्हातारं होतं, आणि दमट हवेत ते लवकर होतं.

दुसरा गट, वेग तुम्ही सांगा, छिद्र मी ठरवतो, असं म्हणणारा. १९७२ चा कॅनोनेट क्यूएल १७ जी-३ याचा चांगला नमुना. लेन्स ४० मिलिमीटर, एफ १.७. तुम्ही १/१२५ लावलं की आतला काटा छिद्र ठरवतो. जमण्यासारखं नसेल तर बटण अडतं. हे मोजायला यात कॅडमियम सल्फाइडचा छोटा डोळा आहे. तो वीज तयार करत नाही. उजेडाप्रमाणे त्याचा विरोध कमी-जास्त होतो, म्हणून सेल लागतो. या कॅमेऱ्याचा मोठा गुण असा की सेल नसला तरी सगळे वेग आणि सगळी छिद्रं हातानं लावता येतात. डोळा मेला, तरी हात-पाय शाबूत.

तिसरा गट उलटा: छिद्र तुम्ही सांगा, वेळ मी ठरवतो. १९६६ मध्ये आलेला याशिका इलेक्ट्रो ३५ हा यातला राजा. लेन्स ४५ मिलिमीटर, एफ १.७. त्यात शटर विजेवर चालतं. १/५०० पासून तब्बल ३० सेकंदांपर्यंत हवी ती मधली वेळ तो घेऊ शकतो. बटण अर्धं दाबलं की दिवा लागतो: पिवळा म्हणजे वेळ लांबतेय, हात हलेल, लाल म्हणजे उजेड जास्त आहे, छिद्र लहान करा. घरातल्या माणसाला एवढं पुरे होतं. पण सेल काढला की हा कॅमेरा हट्टी होतो. जवळपास सगळे फोटो १/५०० नेच घेतो. हातानं वेग लावायची सोयच नाही. म्हणून 'बटण दाबल्यावर खट्ट होतं, म्हणजे चालतो' असं समजू नका. सेल नसतानाही खट्ट होतं.

तिन्ही गटांत एक मर्यादा समान आहे. यांचं शटर लेन्सच्या आत, पाकळ्यांचं. आवाज अगदी हलका, फ्लॅशला सोयीचं, पण १/५०० च्या पुढे धावत नाही. मघाचा नियम लावून बघा. ४०० ची फिल्म आणि आपलं मे महिन्यातलं दुपारचं ऊन: एफ १६ आणि १/५०० इथेच गाडी संपली. मोठ्या छिद्राची भारी लेन्स असून उपयोग शून्य. उन्हात १०० ची फिल्म घाला, म्हणजे एफ ८ पर्यंत तरी येता येतं.

हे आपल्याकडे कसे आले

आपल्या देशात त्या काळी परदेशी कॅमेरे सहज मिळत नव्हते. आयातीवर कडक बंधनं होती. इथल्या दुकानात मिळायचा तो आग्फा क्लिक थ्री सारखा साधा डबा. फिल्ममध्ये उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल. जपानी कॅमेरा यायचा तो माणसाबरोबर. जहाजावरचा खलाशी, आणि १९७० च्या दशकात आखातात कामाला गेलेला मामा किंवा मोठा भाऊ. कोकणातून आणि आपल्या वसई-उत्तन पट्ट्यातून अशी माणसं गेली, आणि येताना सोन्याची साखळी, टेपरेकॉर्डर, सेंटची बाटली आणि याशिका घेऊन आली. म्हणूनच कित्येक घरांत 'याशिका' हा शब्द कॅमेरा याच अर्थानं वापरला जाई.

याचा एक परिणाम झाला. या खाडीकाठच्या गावांचे घरगुती फोटो, लग्नं, बारशी, होड्या, जुनी घरं, यांतले किती तरी फोटो या जातीच्या कॅमेऱ्यांनी टिपलेले आहेत. सरकारी दप्तरात किल्ल्याच्या नोंदी सापडतील. पोर्तुगीजांनी बांधलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला, १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेलेला. पण १९७५ साली किल्ल्याच्या खालची वाट कशी दिसत होती, हे दप्तरात नाही. ते असलं तर तुमच्या कपाटात आहे.

किल्ल्यावर आम्ही काय चुकलो

आता आमची फजिती. काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच मित्र चालू स्थितीतला इलेक्ट्रो घेऊन वर किल्ल्यावर गेलो. आमच्यातल्या एकाची आजी बरोबर होती. वय झालेलं, पण हट्टानं चढली. लहानपणी होड्या कुठे लागत, माल कुठे उतरत असे, हे तिला वरून दाखवायचं होतं. ती तटाशी उभी राहून हात करून सांगत होती, मागे चकाकणारी खाडी, दुपार कलत आलेली. आम्ही बारा फोटो काढले. लाल दिवा नाही, पिवळा दिवा नाही. कॅमेरा म्हणत होता, सगळं ठीक.

रोल धुऊन आला तेव्हा बाराही फोटोंत पाणी सुरेख आलं होतं. बोट कुठे रोखलंय तेही दिसत होतं. आजीचा चेहरा काळा. पुन्हा तिला वर चढणं झालं नाही.

कॅमेरा बिघडलेला नव्हता. तो शिकवल्याप्रमाणेच वागला. या कॅमेऱ्यांचा डोळा समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो आणि ती सरासरी मध्यम राखाडी यावी इतकाच उजेड आत घेतो. चौकटीत पाणी आणि आभाळ जास्त, आजी थोडी. मग पाणी राखाडी झालं आणि आजी काळी. आपल्याला आजी महत्त्वाची आहे हे त्याला कुठून कळणार? हीच गोष्ट उलट बाजूनंही होते: काळ्या कोटातला नवरदेव चौकट भरून घेतला तर चेहरा उजळून सपाट होतो, आणि पांढऱ्या साडीतली बाई मळकट दिसते.

उपाय सोपा होता, आम्हाला ठाऊक नव्हता. कॅमेऱ्यावर फिल्मचा आकडा लावायची चकती असते. ४०० ची फिल्म असताना चकती २०० वर आणली की कॅमेरा दुप्पट उजेड घेतो. १०० वर आणली की चौपट. पाठीमागून ऊन असेल तर चकती दोन घरं खाली, फोटो काढा, परत जागेवर. आणखी एक: इलेक्ट्रोचा डोळा लेन्सच्या बाहेर, वरच्या पट्टीवर आहे. लेन्सवर पिवळा फिल्टर लावला तर त्या डोळ्याला ते कळत नाही, तेव्हाही चकतीच खाली आणायची. जी-३ मध्ये डोळा फिल्टरच्या कडीच्या आतच आहे, तिथे ही भानगड नाही.

आणि शंका आली की उजेड जास्तीचाच द्या. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड बराच पोटात घालते. कमी पडलेला मात्र परत मिळत नाही. आजीच्या चेहऱ्याच्या जागी आमची निगेटिव्ह जवळजवळ कोरी आहे. कोऱ्या जागेतून कोणतीही लॅब काही काढू शकत नाही.

सेलची गोष्ट

हे कॅमेरे पाऱ्याच्या सेलवर बेतलेले होते. पाऱ्याचा सेल १.३५ व्होल्ट देतो आणि संपेपर्यंत तेवढाच देत राहतो. पारा विषारी, म्हणून जगभर हे सेल बंद झाले. २०१३ च्या मिनामाता कराराचा रोखही तोच. त्या जागी आज साधा १.५ व्होल्टचा बटण सेल टाकला तर जी-३ सारख्या कॅमेऱ्यात काटा जास्त हलतो, कॅमेऱ्याला उजेड आहे त्याहून जास्त वाटतो आणि फोटो काळपट येतात. म्हणजे चुकायचं तर नेमकं वाईट बाजूला चुकतो. यावर सोपी तोड म्हणजे कानाच्या यंत्रात घालतात तो झिंक-एअर सेल, ६७५ नंबरचा. त्याचा दाब पाऱ्याच्या सेलच्या जवळ असतो. आकार लहान, म्हणून भोवती कडी बसवावी लागते. एकदा चिकटपट्टी काढली की तो काही आठवड्यांतच संपतो, पण स्वस्त आहे.

इलेक्ट्रोला मूळ सेल ५.६ व्होल्टचा. तिथे आजचा ६ व्होल्टचा सेल अडॅप्टर लावून चालतो. त्याची रचना एवढा फरक सहन करते. त्याचं दुखणं वेगळं. आत रबराचा एक छोटा तुकडा असतो, तो कुजला की वेळेचा हिशोब बिघडतो. फिल्म पुढे ढकलायचा दांडा फिरवताना 'टक्' असा ठळक आवाज आला तर तो तुकडा बहुधा शाबूत आहे.

उरलं आपल्या हवेचं. खाडीकाठच्या दमट हवेत लेन्सवर बुरशीची जाळी धरते. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. स्टीलच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, अधूनमधून बाहेर काढून शटर चालवा. सेल घालून कधीही ठेवू नका. गळला की संपर्काच्या पट्ट्या खातो. साधा अल्कलाइन सेल गळून पांढरं साचलं असेल तर कापसावर व्हिनेगरचा थेंब घेऊन हलक्या हातानं पुसा.

पाठ का उघडायची नाही

आता सुरुवातीची विनंती. कपाटातला कॅमेरा सापडला की माणूस पहिलं काय करतो? पाठ उघडतो. आत अर्धा वापरलेला रोल असेल तर त्याच क्षणी वरचे पदर गेले. आमच्या ओळखीत हे एकदा नाही, बऱ्याचदा घडलंय.

म्हणून आधी फोटो मोजणारा छोटा आकडा बघा. इलेक्ट्रो आणि जी-३ मध्ये पाठ उघडली की हा आकडा आपोआप सुरुवातीला येतो. तो १४ किंवा २२ दाखवत असेल, तर शेवटी पाठ उघडल्यानंतर कुणीतरी फोटो काढलेत. मग डावीकडची गुंडाळायची कडी बाणाच्या दिशेनं अगदी हळू फिरवा. ताण लागला तर आत रोल आहे. तळाचं बटण दाबून तो सावकाश पूर्ण गुंडाळा. जुनी फिल्म कडक होते, जोर केला तर तुटते. कडी सैल फिरली तरी खात्री धरू नका, रोल गुंडाळून आतच ठेवलेला असू शकतो. पहिली उघडझाप रात्री, दिवे मालवून, खिडकी नसलेल्या न्हाणीघरात करा.

रोल सापडला तर जुन्या फिल्मची सवय असलेल्या लॅबला द्या आणि तो किती जुना असेल ते सांगा. रंगीत रोलचे रंग उडालेले असतील, तरी काळ्या-पांढऱ्यात काहीतरी निघू शकतं. कृष्णधवल रोल त्याहून जास्त टिकतो.

मागून कुणीतरी विचारतंय, मोबाइल असताना हा उपद्व्याप कशाला? मोबाइल चेहरा ओळखतो आणि चेहऱ्यासाठी उजेड वाढवतो. आजीला आम्ही मोबाइलवर टिपलं असतं तर बरं झालं असतं, यात वाद नाही. पण जे फोटो आधीच निघून गेलेत त्यांचं काय? घरच्या आल्बममध्ये कुणाचा चेहरा काळवंडलेला असेल तर आता तुम्हाला कारण माहीत आहे. पाठीमागे ऊन होतं का, बघा. आणि निगेटिव्ह शोधा. प्रिंट काढणाऱ्यानं घाईत काळी काढली असेल आणि निगेटिव्हमध्ये चेहरा शाबूत असेल, तर तो आजही बाहेर येतो. निगेटिव्ह उजेडासमोर धरा. चेहऱ्याच्या जागी थोडा जरी तपशील दिसला तर आशा आहे. प्रिंट आहेत म्हणून निगेटिव्ह रद्दीत टाकू नका, एवढं तरी आजच्या भाषणातून घरी न्या.

बरं, आता टेबलाकडे या. एकेक जण आपापला कॅमेरा उचला. आधी आकडा बघायचा, मग कडी हळूच फिरवायची. ज्यांना ताण लागेल त्यांनी तिथेच थांबून आम्हाला हाक मारा. काळी पिशवी आणलेली आहे.